मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी मोसंबी-मोगऱ्याचा हलका परफ्यूम: घरी कसा तयार करायचा

एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की हिवाळ्यात आवडणारा परफ्यूम नकोसा होतो. ऊद, व्हॅनिला, अंबर असले जड वास उन्हात अंगावर येतात. मग हात लिंबू-संत्र्याच्या ताज्या वासाकडे आणि मोगरा-सोनचाफ्याकडे जातो. तो योग्यच जातो, पण आपल्याकडच्या कोरड्या झळांमध्ये हे दोन्ही वास सांभाळणं अवघड असतं. लिंबूवर्गीय तेलं पाहता पाहता उडून जातात आणि पांढऱ्या फुलांचे वास जरा जास्त झाले की डोकं धरतं.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. लिंबूवर्गीय वास दिवसभर टिकवायच्या मागे लागू नका, तो टिकत नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं त्याची. त्यानंतर अंगावर जे उरेल ते हलकं, स्वच्छ आणि मोसंबीच्या ताजेपणाला धरून असावं. खालचं सगळं प्रमाण हाच हिशोब डोळ्यासमोर ठेवून बसवलेलं आहे.

कोरडी हवा काय करते

तापमान १० अंशांनी वाढलं की लिमोनीनसारख्या हलक्या घटकाचा बाष्पदाब जवळपास दुप्पट होतो. मोसंबी-संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीनच असतं. त्यामुळे पुण्याच्या डिसेंबरात अर्धा तास राहणारा वास परभणीच्या मे महिन्यात कपड्यावरून त्याच्या निम्म्या वेळात जातो. त्यात कोरड्या त्वचेवर तेल धरून ठेवायला काही नसतं. मुंबईच्या दमट हवेत वास अंगाभोवती रेंगाळतो. आपल्याकडे घामही लगेच सुकतो आणि वासही.

बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल मात्र जरा जास्त वेळ राहतं. त्यात लिमोनीन कमी आणि लिनालिल अ‍ॅसिटेट भरपूर असतं, आणि तो घटक सावकाश उडतो. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली सुरू झालेल्या फरिनांच्या पेढीपासून आजपर्यंत 'कोलोन' प्रकारच्या सुगंधात बर्गमॉटला मोठा मान आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

साहित्य

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. अंबड-घनसावंगीकडच्या बागांमुळे साल आपल्याकडे मुबलक. पण सालीतून अंगाला लावण्याजोगं तेल घरी काढता येत नाही. त्यासाठी थंड दाबानं तेल काढण्याचं यंत्र लागतं. मोसंबी ही वनस्पतिशास्त्रानुसार गोड संत्र्याचीच जात असल्यामुळे बाजारातलं थंड दाबाचं गोड संत्र्याचं तेल हा तिला सगळ्यात जवळचा पर्याय. ते स्वस्त असतं, त्यामुळे त्यात भेसळही कमी होते.

आंबे बहारात, जानेवारी-फेब्रुवारीला, मोसंबीची बाग फुलते तेव्हाचा वास फळाचा नसतो. त्यात हिरवटपणा, फुलाचा गोडवा आणि किंचित कडवटपणा असतो. ती छटा आणायला पेटिटग्रेन तेल वापरा. हे कडू संत्र्याच्या पानांचं आणि कोवळ्या डहाळ्यांचं तेल. नेरोली म्हणजे त्याच झाडाच्या फुलांचं तेल, पण ते फार महाग. पेटिटग्रेनच्या सोबतीला थोडा मोगरा दिला की काम बरंचसं भागतं.

फुलांमध्ये मोगऱ्याचं आणि सोनचाफ्याचं अ‍ॅब्सोल्युट घ्या. अ‍ॅब्सोल्युट म्हणजे फुलांतून काढलेला गाढ अर्क. दोन्ही महाग असतात, पण १० टक्क्यांच्या द्रावणातून वापरायचे असल्यानं एक-दोन ग्रॅमची बाटली पुष्कळ दिवस पुरते. यलंग यलंगचं तेल उष्ण प्रदेशातल्या फुलांचा तो पिकलेल्या फळासारखा गोडवा देतं. हात मात्र आखडता ठेवा.

या सगळ्यांना मोकळेपणा देणारा घटक म्हणजे हेडिओन. नुसता हुंगला तर जेमतेम वास येतो, काहींना येतही नाही. पण मिश्रणात गेला की फुलं जणू खिडकीतून आल्यासारखी वाटतात. १९६६ साली डिओरच्या 'ओ सोव्हाज'मध्ये तो गाजला, आणि तेव्हापासून हलक्या लिंबूवर्गीय परफ्यूमचा तो कणा झाला आहे. आमच्या मते उन्हाळी परफ्यूममध्ये पैसे वाचवायचे झाले तर सोनचाफ्यात वाचवा, हेडिओनमध्ये नको.

तळाला, म्हणजे शेवटपर्यंत अंगावर राहणाऱ्या वासासाठी, लाकडासारखा वास देणारं आयसो ई सुपर, बेंझाइल सॅलिसिलेट, इथिलीन ब्रासिलेट हा हलका मस्क आणि वाळ्याचं तेल. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांना हा वास ओळखीचा असतो. तो थंडाव्याची आठवण देतो आणि मोसंबी उडाल्यावर तिची कडवट बाजू सांभाळतो.

अल्कोहोल कुठलं घ्यायचं

सुगंधी कच्चा माल विकणाऱ्यांकडे परफ्यूमरी ग्रेडचं ९५-९६ टक्के इथेनॉल मिळतं. त्यात पिण्यास अयोग्य करण्यासाठी बहुधा डायइथाइल थॅलेट घातलेलं असतं. सोबत तपासणीचा दाखला मागून घ्या. इथेनॉलच्या खरेदी-साठ्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम लागू आहेत, त्यामुळे घरगुती वापरापुरतं थोडंच आणा.

औद्योगिक स्पिरिट आणू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते विषारी आहे. सर्जिकल स्पिरिटचा आयसोप्रोपिलचा उग्र दर्प शेवटपर्यंत जात नाही. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, त्यानं अंग चिकट होतं.

आगीबद्दल विशेष सांभाळा. ९५ टक्के इथेनॉलची वाफ साधारण १७ अंशांपासूनच पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात बाटली उघडली की ती पेटण्याजोगी असतेच. गॅस, देवघरातली निरांजन, उदबत्ती, कूलरचं उघडं बटण यांपासून दूर बसा. बाटली गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

उन्हाचा आणि लिंबाच्या सालीचा संबंध

हा भाग वगळू नका. थंड दाबानं काढलेल्या बर्गमॉट आणि कागदी लिंबाच्या तेलात फ्युरोकुमारिन असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. वैशाखातल्या आपल्या उन्हात ही भीती खरी आहे. म्हणून बर्गमॉट 'एफसीएफ', म्हणजे फ्युरोकुमारिन काढून टाकलेलं, असंच मागा. साधं बर्गमॉट हाताशी असेल तर तयार परफ्यूममध्ये त्याचं प्रमाण ०.४ टक्क्याच्या वर जाऊ नये, आणि त्याच बाटलीत ग्रेपफ्रूट असेल तर त्याहूनही कमी, कारण दोघांचा परिणाम एकत्र होतो. ग्रेपफ्रूटची मर्यादा ४ टक्के आहे, आपण अर्धा टक्का वापरतो. गोड संत्र्याच्या तेलाला ही अडचण नाही.

कागदी लिंबाची साल स्पिरिटमध्ये भिजवून तो अर्क अंगाला लावण्याची पद्धत काही जण सांगतात. ती पूर्णपणे टाळा.

प्रमाण

खालचं मिश्रण १० ग्रॅमचं आहे. यादीतले लिनालूल आणि बेंझाइल अ‍ॅसिटेट हे फुलांच्या वासाचे घटक आहेत. यातून ३० मिलिच्या चार बाटल्या होतात.

बर्गमॉट, एफसीएफ: २.५० ग्रॅम
गोड संत्र्याचं तेल: १.५० ग्रॅम
ग्रेपफ्रूट: ०.५० ग्रॅम
पेटिटग्रेन: ०.४० ग्रॅम
हेडिओन: २.०० ग्रॅम
लिनालूल: ०.४० ग्रॅम
बेंझाइल अ‍ॅसिटेट: ०.४० ग्रॅम
मोगरा अ‍ॅब्सोल्युट, १० टक्के द्रावण: ०.६० ग्रॅम
सोनचाफा अ‍ॅब्सोल्युट, १० टक्के द्रावण: ०.२० ग्रॅम
यलंग यलंग: ०.२५ ग्रॅम
आयसो ई सुपर: ०.५० ग्रॅम
बेंझाइल सॅलिसिलेट: ०.२० ग्रॅम
इथिलीन ब्रासिलेट: ०.२५ ग्रॅम
वाळ्याचं तेल, १० टक्के द्रावण: ०.३० ग्रॅम

याखेरीज बीएचटीचं १० टक्के द्रावण ०.१० ग्रॅम. लिंबूवर्गीय तेलं हवेनं खराब होतात, ते यानं लांबतं. १० टक्के द्रावण म्हणजे १ ग्रॅम माल आणि ९ ग्रॅम इथेनॉल.

कृती

लागणाऱ्या वस्तू थोड्याच: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, काचेच्या बाटल्या, प्रत्येक तेलाला वेगळा ड्रॉपर, कागदी पट्ट्या, फिल्टर पेपर आणि काचेची स्प्रे बाटली. प्लास्टिकचा पेला घेऊ नका. लिमोनीन थर्मोकोल आणि त्या जातीचं प्लास्टिक विरघळवतं.

वेळ पहाटेची निवडा. त्याचं कारण गारवा तर आहेच, पण काटाही आहे. पंख्याच्या किंवा कूलरच्या वाऱ्यानं ०.०१ ग्रॅमचा आकडा सारखा नाचत राहतो आणि दुपारी पंख्याशिवाय बसवत नाही. सहा ते आठच्या दरम्यान पंखा बंद करून, पण खिडकी उघडी ठेवून बसलं की वजनं नीट होतात आणि तेलंही कमी उडतात.

रिकामी बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. आधी तळाचे जड घटक घाला, मग फुलं, आणि लिंबूवर्गीय तेलं सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर बाकीचं मोजेपर्यंत संत्र्याचा वरचा बहर खोलीतच निघून जातो. प्रत्येक घटकानंतर काटा शून्य करा आणि वहीत प्रत्यक्ष पडलेलं वजन लिहा, ठरवलेलं नव्हे.

यलंग यलंगपाशी थांबून काम करा. एक थेंब साधारण ०.०२ ते ०.०३ ग्रॅमचा असतो, म्हणजे आठ ते बारा थेंबांत माप पूर्ण होतं. सातव्या थेंबापासून ड्रॉपर बाटलीच्या आतल्या कडेला टेकवून थेंब ओघळू द्या. टपकन सोडला तर दोन एकदम पडतात. ०.२५ च्या जागी ०.३० पडलंच तर काढायचा प्रयत्न करू नका, बाकी सगळे घटक १.२ पटीनं वाढवा.

बेंझाइल सॅलिसिलेट हिवाळ्यात बाटलीत गोठलेलं दिसेल, ते २४ अंशांच्या आसपास घट्ट होतं. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की वितळतं. खराब झालं म्हणून टाकू नका.

सगळं एकत्र झाल्यावर बाटली हलक्या हातानं फिरवा, बूच घट्ट लावा आणि दोन-तीन दिवस अंधारात ठेवा. मग ३० मिलिच्या एका बाटलीसाठी २.५ ग्रॅम मिश्रण आणि २२.५ ग्रॅम इथेनॉल असं वजनानं जमवा. इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे या २५ ग्रॅममध्ये ३० मिलिची बाटली गळ्यापर्यंत भरते. हे झालं १० टक्क्यांचं, म्हणजे ओ द टॉयलेटच्या जातीचं. आपल्या उन्हाळ्याला एवढं पुरे. १५-२० टक्के केल्यानं मोसंबी जास्त टिकत नाही, फक्त तळ आणि फुलं जड होतात.

आता मुरायला किमान दोन, जमल्यास तीन आठवडे. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवलं तर तिथं दुपारी अंगाला चटका बसतो, आणि परफ्यूम मुरण्याऐवजी खराब होतो. माळवदाच्या जुन्या घरात भिंतीतला कोनाडा मे महिन्यातही गार असतो, ती जागा उत्तम. नाहीतर फ्रिजचा भाजीचा कप्पा, बूच घट्ट लावून. शेवटच्या रात्री बाटली फ्रिजमध्ये थंड करा आणि सकाळी थंड असतानाच फिल्टर पेपरमधून गाळा. संत्र्याच्या तेलातलं मेण गारव्यात बाहेर पडतं, ते कागदावर राहतं.

वास कसा तपासायचा

कागदी पट्टीवर पाच मिनिटांनी, अर्ध्या तासानं आणि चार तासांनी हुंगा. ही तपासणी एसीच्या खोलीत केली तर निकाल चुकतो. एक पट्टी दुपारी ओसरीवर किंवा गच्चीच्या सावलीत ठेवा. तिथं चार तासांनी हेडिओन, थोडा वाळा आणि मोगऱ्याची पुसट सर उरली असेल तर जमलं. नुसतं गोड, केळ्यासारखं काही उरत असेल तर पुढच्या वेळी यलंग ०.१५ ग्रॅमवर आणा.

अंगाला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून २४ ते ४८ तास वाट पाहा. लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांजवळ वापरू नका.

बिघडतं कुठं

बाटली गढूळ झाली, तर पाणी जास्त झालं. वास सौम्य करायला काही जण पाणी किंवा गुलाबपाणी घालतात, पण ९५ टक्के इथेनॉलमध्ये आधीच ५ टक्के पाणी असतं. लिमोनीन पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे अल्कोहोलचं प्रमाण घसरलं की ते बारीक थेंब होऊन बाहेर पडतं. इथेनॉल थोडं थोडं घालत गेलं की पुन्हा स्वच्छ होतं. मग परफ्यूम फिका होईल, त्या हिशोबानं मिश्रणही थोडं वाढवा.

भांड्याच्या साबणासारखा वास येत असेल तर संत्रं किंवा लिंबू एकटं पडलं आहे. घराघरांतल्या साबणात आणि फरशीच्या द्रावणात लिंबाचा वास इतका मुरलेला आहे की नुसतं लिमोनीन आलं की मन तिकडेच जातं. यावर लिंबू कमी करू नका, त्याला कडवट सोबत द्या. पेटिटग्रेन ०.६० पर्यंत न्या, वाळ्याचं द्रावण ०.५० करा.

डोकं जड होतं, मळमळतं, असं जवळच्यांनी सांगितलं तर ते गंभीरपणे घ्या. मोगऱ्यात इंडोल असतं. अगदी थोडं असलं की फूल जिवंत वाटतं, उष्णतेत जास्त झालं की कोमेजलेल्या गजऱ्याचा वास येतो. त्या वेळी मोगऱ्याचं द्रावण अर्ध्यावर आणा आणि तेवढं हेडिओन वाढवा. लगीनसराईत केसात खरा गजरा माळणार असाल तर त्या दिवसाच्या बाटलीत मोगरा अजिबात घालू नका, गजऱ्यावर सोपवा.

टर्पेंटाइन किंवा वॉर्निशसारखा वास आला की लिमोनीनचं ऑक्सिडीकरण झालं आहे. असा परफ्यूम अंगाला लावू नका, खराब झालेल्या लिमोनीननं त्वचेला अ‍ॅलर्जी होते. अर्धी रिकामी बाटली लवकर बिघडते, कारण तिच्यात हवा जास्त. मोठ्या बाटलीपेक्षा काठोकाठ भरलेल्या लहान बाटल्या बऱ्या. तयार परफ्यूम सहा-आठ महिन्यांत संपवा.

ताज्या फुलांचा प्रयोगही बहुतेकांचा फसतो. मोगरा स्पिरिटमध्ये टाकला की दोन दिवसांत पाकळ्या तपकिरी होतात आणि शिळ्या चहासारखा वास येतो, कारण पाकळीतलं पाणी अल्कोहोल पातळ करतं आणि कुजण्याचे वासही सोबत उतरतात. खोबरेल तेलात फुलं रोज बदलून ठेवली तर केसांसाठी छान तेल होतं, पण ते इथेनॉलमध्ये नीट मिसळत नाही.

लावायचं कसं

आंघोळीनंतर, बिनवासाचं क्रीम किंवा खोबरेलचा अगदी पुसट हात फिरवून मग फवारा. कोरड्या अंगापेक्षा अशा त्वचेवर वास बराच जास्त राहतो. पावडरवर मारू नका. मानेची मागची बाजू, कोपराची आतली घडी, सदऱ्याचा आतला काठ, या उन्हापासून झाकलेल्या जागा निवडा. गाडीवर जाणाऱ्यांनी तोंडाला बांधायच्या रुमालावर किंवा दस्तीवर दोन फवारे मारून पाच मिनिटं वाळू द्यावेत, लगेच बांधलं तर अल्कोहोल नाकात जातं. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर कधीही नको, अ‍ॅब्सोल्युटचे पिवळट डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

दुपारी पुन्हा लावावं लागणारच. १० मिलिची छोटी स्प्रे बाटली सोबत ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

अल्कोहोलशिवाय

अत्तर वापरणाऱ्या घरांसाठी हेच मिश्रण न गोठणाऱ्या प्रक्रिया केलेल्या खोबरेल तेलात, म्हणजे फ्रॅक्शनेटेड तेलात, १५ टक्के करा: १.५ ग्रॅम मिश्रण, ८.५ ग्रॅम तेल, रोल-ऑन बाटलीत. मोगरा, सोनचाफा, वाळा आणि बीएचटी यांची १० टक्के द्रावणंही त्याच तेलात करून घ्या. तेल वास धरून ठेवतं, त्यामुळे मोसंबीचा पहिला उसळता बहर मिळत नाही, पण फुलं जास्त वेळ अंगाजवळ राहतात. तेलात यलंग अधिक जाणवतं, ते ०.१५ ग्रॅमच ठेवा आणि उरलेलं ०.१० ग्रॅम बर्गमॉटला द्या.

नातेवाइकांना भेट देण्यापुरतं हे सगळं घरी करता येतं. विकायचं ठरवलं तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार उत्पादनाचा परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो.